कॅलिपरवरचा भंडारा

बिराप्पाच्या आयुष्यात दोनच रंग होते. एक हुरमुंजाचा तांबडा, तो मेंढरांच्या पाठीवर. दुसरा भंडाऱ्याचा पिवळा, तो बिरोबाच्या पायावर आणि स्वतःच्या कपाळावर. या दोन रंगांवर त्यानं बासष्ट वर्षं निभावून नेली. त्यामुळं सातारच्या हायवेलगतच्या पत्र्याच्या गॅरेजात लेक रंगाच्या बावीस डब्यांपुढं उभी राहून "आबा, ह्यातला कंचा लावू?" असं विचारायची, तेव्हा त्याला घाम फुटायचा.

लेकीचं नाव स्वप्नाली. एकुलती एक. आयटीआय झाली, चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राबली आणि मग तिनं स्वतःचं गॅरेज टाकलं. दुरुस्ती सगळीच करायची, पण नाव झालं ते एका भलत्याच कामासाठी. चाकाच्या आत एक लोखंडी थाळी फिरते. ब्रेक दाबला की त्या थाळीला दोन्ही बाजूंनी पॅड लावून करकचून धरणारी लोखंडाची एक मूठ असते, तिला कॅलिपर म्हणतात. ती मूठ उतरवायची, घासायची, धुवायची आणि उष्णतेला टिकणारा रंग देऊन परत बसवायची, हे ते काम. त्यासाठी पुण्याची, कोल्हापूरची हौशी पोरं तिच्याकडं गाड्या घेऊन यायची.

बिराप्पानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो पोट धरून हसला होता. "चाकाच्या आतलं लोखंड रंगवायचं? कोण बघतंय त्ये? लुगड्याला आतनं जरीचा काठ लावल्यागत झालं की!"

"तुमी मेंढराला हुरमुंज कशाला लावत हुता?"

"आपलं मेंढरू वळखू यावं म्हणून."

"मग ह्येबी निम्मं तसंच हाय. रस्त्यावरच्या गाडीला शोभा म्हणून, आन गंज धरू नये म्हणून. ट्रॅकवरच्या गाडीचं निराळं. ती सारखी जोरात पळती आन सारखी जोरात थांबती. कॅलिपर असा तापतो की साधा रंग जळून जातो. आमचा रंग टिकतो. पर पिवळा असला आन करपाय लागला, की समजायचं, ब्रेकाला सोसंना झालंय, आता दमानं घ्या."

हे मात्र बिराप्पाला पटलं. मेंढरू आजारी पडायच्या आधी त्याच्या डोळ्याचा रंग बदलतो, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं, पण ठाऊक होतं.

दोन वर्षांमागं त्याची बायको दगडाबाई गेली. त्याचे स्वतःचे गुडघे आधीच गेले होते. माण तालुक्यातल्या त्या बोडक्या माळावर एकट्यानं ऐंशी मेंढरं वळणं होईना, तेव्हा म्हसवडच्या बाजारात त्यानं सगळा कळप विकला आणि लेक त्याला साताऱ्याला घेऊन आली. पहिला महिना तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नुसता हायवे बघत होता. मग एक दिवस त्यानं आपण होऊन तारेचा ब्रश उचलला आणि एक गंजका कॅलिपर असा घासला की स्वप्नाली बघत राहिली. चाळीस वर्षं लोकर कातरलेला हात तो. कुठं दाबायचं आणि कुठं सोडायचं, हे त्या हाताला सांगावं लागत नव्हतं.

तेव्हापासून घासायचं काम त्याचं. पण एक गोष्ट त्याला टोचायची. तो काहीही चुकला, पाना हरवला, चहा सांडला, थिनरची बाटली उघडी ठेवली, तरी लेक म्हणायची, "असू दे आबा." कधी रागावणं नाही, की अहो असं नका करू म्हणणं नाही. बाहेरच्या माणसाला वाटावं, काय नशीबवान म्हातारा! पण ज्या माणसानं जन्मभर कळप हाकला, त्याला लाड आणि मान यातला फरक कळतो. पाहुण्याला आपण असू दे म्हणतो. गड्याला म्हणत नाही.

दसरा आला. दसऱ्यानंतरच्या रविवारी कोल्हापूरकडच्या एका ट्रॅकवर स्वप्नाली पहिल्यांदा स्वतः गाडी पळवणार होती. गाडी जुनीच, आठ वर्षांची, पण इंजिनापासून चाकापर्यंत तिनं स्वतःच्या हातानं उभी केलेली. बिराप्पाला या बातमीनं चार रात्री झोप नव्हती. जाऊ नको म्हणायची त्याची टाप नव्हती आणि जा म्हणायला जीभ रेटत नव्हती. म्हणून तो गप्प होता. बोलका माणूस गप्प बसला की घरातल्यांनी सावध व्हावं, पण लेक कामात बुडालेली.

खंडेनवमीला सकाळी तिनं आपल्या गाडीची पुढची दोन्ही चाकं काढली. मागच्या चाकांना थाळी नाही, जुन्या धर्तीचे ड्रमचे ब्रेक, म्हणून कॅलिपर काय ते पुढंच दोन. बिराप्पानं आदल्या दिवशी घासून ठेवले होते. तिनं ते फवाऱ्यानं धुतले, थाळ्या पुसल्या, शेजारी वर्तमानपत्रावर नवेकोरे पॅड मांडले. "आबा, ह्याला आता कुणी हात लावू नका हं. उद्या रंग मारते," असं म्हणून ती हत्यारांच्या पूजेला झेंडू आणायला बाजारात गेली.

गॅरेजात बिराप्पा एकटा राहिला. पान्यांची, जॅकची, कॉम्प्रेसरची पूजा होणार, सगळ्यांना फूल मिळणार. आणि ज्या लोखंडानं रविवारी लेकराला थांबवायचं, त्याला काय? कोरडंच? त्यानं पेटीतून भंडाऱ्याची पुडी काढली. आरेवाडीच्या बिरोबाचा भंडारा होता. शेजारचा टायरवाला तौसीफ मूळचा तासगावचा, गावी गेला होता तेव्हा वाट वाकडी करून त्यानं तो बिराप्पासाठी आणला होता; बिराप्पाला तो मामा म्हणायचा. कोरडा भंडारा लोखंडावर ठरेना, म्हणून बिराप्पानं स्वयंपाकाच्या बाटलीतलं करडईचं तेल त्यात कालवलं. दसऱ्याला मेंढ्याच्या कपाळाला लावायचा तसा मनोभावे लावला, पाची बोटांनी. कॅलिपरला लावला, थाळीला लावला, चारी पॅडना लावला. हात लावू नका म्हणाली होती हे त्याला आठवत होतं. पण हा काही आपला हात नव्हे, हा देवाचा, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. माणसाला चूक करायची असली की देव फार लवकर मदतीला येतो.

नंतर ते जरा जास्तच बरबटलेलं दिसलं, तेव्हा त्यानं रुमालानं पुसून टाकलं आणि हात धुऊन खुर्चीवर जाऊन बसला.

दसऱ्याच्या सकाळी बघतो तर स्वप्नाली पुन्हा ते कॅलिपर घेऊन बसलेली. फवारा मारतेय, पुसतेय, परत फवारा मारतेय.

"काल केलं हुतं की गं ह्ये?"

तिनं मान वर केली नाही. "असू दे आबा. आनी एक हात."

तिची पद्धत असेल, असं त्याला वाटलं. मग तिनं रबराच्या आणि आतल्या सरकत्या भागांवर चिकटपट्टी लावली आणि रंग मारला. एक पातळ हात, वाळू द्यायचा, मग दुसरा, मग तिसरा. रंग पिवळा. भंडाऱ्यासारखाच पिवळा. बिराप्पाचे डोळे भरून आले.

शुक्रवारी सकाळी सगळं बसवून ती निघाली. नवे पॅड थाळीवर नीट बसायला गाडी चालवून, दाबून, थांबवून घ्यावी लागते. "पाचगणीपतुर जाऊन येते. घाटात बरं बसत्यात," ती म्हणाली. चाकाच्या फटीतनं पिवळा रंग चमकला आणि गाडी हायवेवर गेली.

दहाच्या सुमाराला तौसीफ दोन ग्लास चहा घेऊन आला. हा गडी म्हणजे गोष्टींचं पोतं. टायरात हवा भरता भरताही गोष्ट सांगणार.

"मामा, आमच्या तासगावात एकदा काय झालं, बेदाण्याचा टेम्पो. मेकॅनिकनं नवे ब्रेक घातले, आन ग्रीसचा हात तसाच पॅडला पुसला. ड्रायव्हर निघाला. पहिल्या उतारावर ब्रेक दाबतोय तर गाडी थांबायचं नावच न्हाई! सरळ द्राक्षाच्या बागेत. मांडव घिऊन पलीकडं!" तौसीफ हसत सुटला. "नशीब, बाग हुती. हीर असती तर?"

बिराप्पाचा ग्लास तोंडाशीच थांबला. "किती तेल हुतं त्ये?"

"किती कशाला, मामा? थेंबभर बास. ब्रेक म्हंजी नुसती घासणी. तेल लागलं की घासणार काय?"

बिराप्पानं ग्लास खाली ठेवला, तो कलंडला, चहा पायावर सांडला, तरी त्याला कळलं नाही.

"तौसीफ, म्या लावलंय रं."

"काय?"

"तेल. भंडारा कालवून. पॅडला, थाळीला, समद्याला. आन ती घाटात गेलीय."

तौसीफचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं मोबाईल काढून स्वप्नालीला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावता लावताच त्यानं मोटारसायकलला किक मारली. "बसा मामा. घट्ट धरा." दुकान उघडं, गॅरेज उघडं, हवेचा कॉम्प्रेसर चालूच.

पाचवड गेलं, वाई गेली. बिराप्पा तौसीफच्या पाठीला चिकटून बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला देवाचं नाव घ्यायची चोरी झाली होती. बिरोबाला तरी कुठल्या तोंडानं सांगणार? भंडारा त्याचाच. बिचाऱ्या देवानं कुठं सांगितलं होतं की माझ्या नावानं लेकराच्या ब्रेकाला तेल चोपड म्हणून! करायला गेलो गणपती आणि झालं माकड. त्याला दगडाबाई आठवली. ती असती तर म्हणाली असती, आवं, पोरीला इचारायचं तरी. तेवढं एक वाक्य त्याला वाटभर पुरलं.

पसरणीच्या घाटात अर्ध्या चढावर वरच्या वळणातनं ती गाडी येताना दिसली. उतारावर, चांगल्या वेगात.

"थांबीव!" बिराप्पा ओरडला आणि मोटारसायकल पुरती थांबायच्या आत उतरला. शहाण्या माणसानं करू नये ते त्यानं केलं. रस्त्याच्या मधोमध गेला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. उधळलेल्या कळपापुढं तो असाच उभा राहायचा.

"मामा, बाजूला व्हा! ब्रेक न्हाई लागला तर?"

न्हाई लागला तर मला लागू दे, एवढंच बिराप्पाच्या मनात होतं. त्यानं डोळे मिटले नाहीत. काच दिसली, काचेमागं लेकीचं तोंड दिसलं, टायर किंचाळले, गाडीचं नाक खाली दबलं आणि गाडी त्याच्यापासून चांगली सहा हात अलीकडं थांबली. खिळा ठोकल्यासारखी.

स्वप्नाली दार उघडून धावत आली. "आबा! येड लागलंय का तुमाला? मदी काय उभं राहता?"

बिराप्पानं तिचे दंड धरले, तोंडावरून हात फिरवला. "तेल," तो म्हणाला. "पॅडला तेल हाय, बाय. म्या लावलंय. खंडेनवमीला. मला ठावं नव्हतं गं."

ती हळूच म्हणाली, "मला ठाऊक हाय, आबा."

"काय ठाऊक हाय?"

"बाजारातनं आले तवाच करडईचा वास आला. कॅलिपर परत धुतलं. थाळ्या धुतल्या. पॅडात तेल मुरतं, ते धुवून जात न्हाई, म्हणून दुसरे नवे आणून घातले. काय बी झालेलं न्हाई. बघा की, थांबली का न्हाई गाडी?"

आता कुणालाही वाटेल की म्हाताऱ्यानं लेकीला पोटाशी धरलं असेल. तौसीफलाही तसंच वाटलं, म्हणून तो डोळे पुसायच्या तयारीत होता. पण बिराप्पा तांबडालाल झाला.

"ठाऊक हुतं? आन मला सांगितलं न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटंल म्हणून..."

"वाईट वाटंल म्हणून! आगं, साताऱ्यापासनं हितवर मी किती डाव मेलो, ठावं हाय तुला? आन उद्या दुसऱ्याच्या गाडीला लावलं असतं मंजी? कुणाचं लेकरू घाटाखाली गेलं असतं मंजी? तवाबी असू दे आबा म्हणाली असतीस?"

स्वप्नालीनं मान खाली घातली.

"आठ वर्षांची हुतीस तू," बिराप्पाचा आवाज खाली आला. "पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत कोकरं सोडलीस. तीन कोकरं गेली. तुजी आई म्हणत हुती, लहान हाय, तिला सांगू नगा. मी तुला हाताला धरून त्या कोकरांपाशी न्हेलं का न्हाई? सांगितलं का न्हाई, ही ज्वारी इख असती म्हणून?"

"व्हय."

"लय रडलीस. दोन दिस जेवली न्हाईस. पर परत कवा सोडलंस?"

"कवाच न्हाई."

"का सांगितलं असंल म्या? माया नव्हती म्हणून? आगं, तुला कळपाचं करायचं हुतं म्हणून सांगितलं. मला तू नुसतं बसवून ठेवायला आणलंयस का कामाला ठेवलंयस, त्ये एकदा सांगून टाक. बसवून ठेवायचं असंल तर माजा माळ काय वाईट हुता?"

त्यावर स्वप्नाली रडली. आठ वर्षांची असताना रडली होती तशीच, हुंदके देऊन, नाक पुसत. "चुकलं आबा," ती म्हणाली. "आई गेली, मेंढरं गेली. वाटलं, आनी कशाला बोलायचं तुमाला. म्हणून समद्यालाच असू दे म्हणत गेले." मग मात्र बिराप्पानं तिला पोटाशी धरलं. मागं दोन एसट्या आणि एक स्ट्रॉबेरीच्या रोपांचा टेम्पो हॉर्न वाजवत उभे होते आणि तौसीफ त्यांना हातानं थांबवून सांगत होता, जरा दम धरा, घरातली बोलणी चाललीत.

शनिवारी सकाळी सांगलीच्या राजवर्धन नावाच्या एका गिऱ्हाइकाची गाडी कामाला घेतली. रस्त्यावर चालवायची गाडी, तांबडा रंग हवा होता. स्वप्नालीनं बिराप्पाला शेजारी बसवून सगळं दाखवलं. रंग कुठं मारायचा, कुठं थेंबही जाऊ द्यायचा नाही, थाळी का कोरडी लागते, तेलकट लोखंडावर रंगाला फोड कसे येतात. तो विचारत होता आणि ती सांगत होती. दोनदा तो चुकला, तेव्हा ती स्पष्ट म्हणाली, "न्हाई आबा, चुकलं. परत करा." त्यानं परत केलं. कित्येक दिवसांनी त्याची कंबर दुखली आणि त्याला बरं वाटलं.

डब्यांच्या फळीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी त्याला दिसलं. उघडलं तर आत ते चार पॅड, पिवळे डाग पडलेले.

"हे टाकलं न्हाईस?"

"भंडारा लागलेला कचऱ्यात कसा टाकू?" ती हातातलं काम न सोडता म्हणाली.

बिराप्पानं ते तसेच परत गुंडाळले आणि जागेवर ठेवले.

दुपारी कॅलिपर धुऊन, पुसून रंगाला तयार झाले. स्वप्नालीनं फवाऱ्याचा डबा हलवायला घेतला, तेवढ्यात बिराप्पानं हात वर केला. "थांब." तो वाकला, नाक लोखंडाजवळ नेलं. शंभर कोकरांतून वासावर आपलं कोकरू शोधणारी मेंढी त्यानं जन्मभर बघितली होती. त्याचं नाकही काही कमी नव्हतं. "हितं. खोबरेल हाय."

"खोबरेल कुठलं आबा?"

"तुज्या डोईचं. केसं मागं सारलीस आन तोच हात टेकवलास."

तिनं पांढरं फडकं फिरवून बघितलं. फडक्यावर तिच्या बोटाएवढा पुसट डाग. ती हसली. "असू दे आबा, एवढंसं तर हाय."

"असू दे न्हाई," बिराप्पा म्हणाला. "चुकलंस. परत धू."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग डबा खाली ठेवला, हात साबणानं धुतले, केस रुमालात बांधले आणि कॅलिपर पहिल्यापासून धुवायला घेतला. बिराप्पा शेजारी उभा राहून बघत होता. परत वास घेतला, मान हलवली, तेव्हाच तिनं रंग मारला.

संध्याकाळी दोघं कोल्हापूरला निघाले. ट्रॅकवर सकाळी लवकर पोचायचं होतं. गाडीत बसायच्या आधी बिराप्पानं खिशातून पुडी काढली, जराशी घुटमळली बोटं, आणि त्यानं लेकीला विचारलं, "हितं चालंल?" त्याचं बोट तिच्या कपाळाकडं होतं.

स्वप्नालीनं मान पुढं केली. "हितं चालंल."

त्यानं चिमूटभर भंडारा लावला. कोरडाच.